माळरानाचे तरुण अभ्यासक

सोलापूर जिल्ह्यातील करमाळे तालुक्यात केम हे गाव आहे. दौंडाहून सोलापुराकडे निघालेली आगगाडी जेऊर मागे टाकून कुर्डुवाडीस पोहोचण्यापूर्वी ह्या गावाच्या स्टेशनावरून जाते. उत्तरेश्वराचे देवालय आणि कुंकवाचे कारखाने ह्यांच्यामुळे केमचे नाव आसपासच्या मुलखात सर्वांस ठाऊक आहे. परंतु देवळास किंवा कुंकवाच्या व्यापारास जो येत नाही, नुसता गाडीच्या खिडकीतून पाहतो, त्यास ह्या प्रदेशात काय दिसते? पाऊसकाळ संपल्यावर पिवळे पडलेले गवत, मधूनच एखादी बाभूळ किंवा हिवर, मुरमाड उतारावर चरणारी मेंढरे आणि त्यांच्यामागे काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला धनगर. प्रवासी मनाशी म्हणतो, ‘काय हा ओसाड मुलूख!’ सरकारी दप्तरातही ह्या भूमीस पडीक असेच नाव मिळालेले असते. श्रोतेहो, ह्या ओसाड म्हटलेल्या भूमीकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्या काही तरुण अभ्यासकांची व त्यांच्या वाटांची ओळख करून देणे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्या शास्त्राची ही मंडळी उपासना करतात त्यास इंग्रजीत इकॉलॉजी व मराठीत परिस्थितिविज्ञान म्हणतात. अर्न्स्ट हेकेल नामक जर्मन शास्त्रज्ञाने इ. स. १८६६ मध्ये हा शब्द प्रथम योजिला. वनस्पतिशास्त्र झाडाचा विचार करते, प्राणिशास्त्र जनावराचा करते. परिस्थितिविज्ञान ह्या दोहोंमधील नात्याचा विचार करते. पाऊस पडला की गवत वाढते, गवतावर नाकतोडे होतात, नाकतोड्यांवर पक्षी जगतात. गवतावरच मेंढी जगते आणि मेंढीवर लांडग्याचा डोळा असतो. ह्या साखळीतील एक कडी निखळली तर बाकीच्यांचे काय होते, हा ह्या शास्त्राचा प्रश्न होय. तो प्रयोगशाळेच्या चार भिंतींत सुटत नाही. त्यासाठी रानात जावे लागते, महिनोन् महिने एकाच जागी बसून पाहावे लागते, मोजावे लागते आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते. शेतकऱ्याच्या व मेंढपाळाच्या मुलास ह्यातील पहिला भाग नवा नाही. मोजणे आणि लिहून ठेवणे तेवढे नवे आहे, आणि रोजचे पाहणे त्यानेच शास्त्राच्या पदवीस चढते.

महाराष्ट्रात ह्या वाटेने पूर्वी कोण गेले ते पाहिले म्हणजे ही वाट कशी असते ह्याची कल्पना येते. पक्षितज्ज्ञ सलीम अली ह्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. लहानपणी त्यांच्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड ह्यांनी त्यास हुसकून न लावता कपाटे उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखविले, आणि त्या मुलाच्या आयुष्यास वळण लागले. पुढे मुंबईच्या संग्रहालयातील नोकरीतून रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेझेमान ह्यांच्या हाताखाली शिकावयास गेले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली! निर्वाहाचे साधन गेले. तेव्हा ते अलिबागेजवळ किहीम येथे जाऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ह्या रिकाम्या दिवसांत त्यांनी तिचे निरीक्षण केले आणि नर एकामागून एक घरटी विणतो, माद्या ती पारखून घेतात व एकाच नराच्या घरट्यांतून निरनिराळ्या माद्या नांदतात, हे दाखवून दिले. सुगरणीचा खोपा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो; परंतु खोप्यासमोर महिनेच्या महिने बसणारा तो एकच निघाला.

दुसरे उदाहरण माधव गाडगीळ ह्यांचे. पुण्यातील हा मुलगा शाळकरी वयात वेड्या राघूंकडे पाहत असे. ह्या पक्ष्याच्या शेपटीतून तारेसारखी दोन पिसे बाहेर आलेली असतात. एका मोसमात काही राघूंना ती तार नाही, असे त्याच्या ध्यानात आले. वडील धनंजयराव गाडगीळ हे थोर अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतः काही उत्तर न देता मुलास सलीम अलींना पत्र लिहावयास सांगितले. सलीम अलींचे उत्तर आले की, पिसे झडून नवी येण्याचा हा काळ असतो म्हणून तसे दिसते. एवढ्याशा पत्रव्यवहारातून त्या मुलाचा निश्चय पक्का झाला. पुढे हार्वर्ड विद्यापीठात अध्ययन करून १९७१ साली गाडगीळ स्वदेशी परतले आणि वनस्पतितज्ज्ञ वा. द. वर्तक ह्यांच्यासह सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. ह्या दोन्ही हकिकतींत एक गोष्ट समान आहे. मुलाने प्रश्न विचारला आणि मोठ्या माणसाने तो हसण्यावारी नेला नाही. अभ्यासक घडण्यास बुद्धी लागते हे खरे. पण उत्तराचे पत्र लिहिणारा कोणी तरी असावा लागतो, हेही तितकेच खरे.

आता पुनः आपल्या माळाकडे येऊ. ह्या माळाचा मानाचा पक्षी म्हणजे माळढोक. हा पक्षी उभा राहिला तर सुमारे एक मीटर उंच भरतो आणि मोठ्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड पक्षी जगात थोडेच आहेत. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवून घुमतो. तो खोल आवाज दूरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते. घरटे नाही, झाडाचा आडोसा नाही. तिचा सारा भरवसा मोकळ्या माळावर. दूरवरचे दिसावे आणि शत्रू वेळीच कळावा, ह्यासाठी तिला मोकळे रानच हवे असते. अशा पक्ष्यास झाडांची गर्दी म्हणजे सावली नव्हे, संकट होय.

सोलापुराहून बार्शीकडे जाताना नान्नज लागते. तेथील माळावर माळढोक आहेत, हे ध्यानात आल्यावर १९७९ साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचा विस्तार सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर इतका होता आणि उत्तर सोलापूर, मोहोळ, माढे ह्यांच्याबरोबर करमाळे तालुक्यातील भूमीही त्यात आली होती. इतक्या विस्तारात गावे, शेते, रस्ते सारेच आले; जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक त्रासले. अखेरीस पुष्कळ वर्षांनी हे क्षेत्र सुमारे १,२२० चौरस किलोमीटरपर्यंत आटोपते घेण्यात आले. १९८० नंतरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी ह्यांच्या नेतृत्वाखाली माळढोकाचा पद्धतशीर अभ्यास केला. मध्य प्रदेशातील करेरा, आंध्रातील रोल्लापाडू आणि आपले नान्नज ही त्या अभ्यासाची ठाणी होती. तंबूत राहून, उन्हातान्हात दुर्बीण लावून तरुण संशोधकांनी हा पक्षी काय खातो, कोठे वीण करतो, कशास भितो, ह्याची नोंद केली. आज तीच नोंदवही अनमोल ठरली आहे. कारण तो पक्षी आता तेथून जवळजवळ नाहीसाच झाला आहे. साऱ्या जगात माळढोकांची संख्या दीडशेच्या आत आली असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नांगराखाली गेलेला माळ, उसाचा विस्तार, भटकी कुत्री आणि विजेच्या तारा, अशी कारणे अभ्यासकांनी दाखविली आहेत. जड अंगाच्या ह्या पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही व ऐनवेळी वळताही येत नाही. म्हणून तारांवर आदळून तो मरतो.

माळढोक गेला म्हणून माळ रिता झाला असे मात्र नव्हे. त्याच नान्नजच्या माळावर अबी वनक ह्या तरुणाने खोकडाचा अभ्यास केला. खोकड हा कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचा प्राणी. माळावर बिळे करून राहतो. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठास सादर करावयाच्या प्रबंधासाठी वनक ह्यांनी खोकडांच्या गळ्यात बिनतारी संदेश देणारे पट्टे बांधले आणि ते रात्री कोठे जातात ह्याचा माग घेतला. त्यातून असे दिसले की, खोकडास मूळचे गवताळ रान व पडीक शेत आवडते. लागवडीची शेते व वस्ती तो टाळतो. मग गावच्या कुत्र्यांचे व त्याचे नाते काय? दोघांच्या विष्ठा तपासल्यावर कळले की, कुत्री मुख्यत्वे माणसाकडून मिळणाऱ्या अन्नावर व मेलेल्या गुरांवर जगतात, तर खोकड उंदीर, किडे व फळे खातो. म्हणजे ताट वेगळे आहे. तथापि एवढ्यावर समाधान न मानता त्यांनी एक प्रयोग केला. अन्नाची तबके मांडली आणि जवळ कुत्रा दिसत असता व नसता खोकड कसे वागते ते पाहिले. कुत्रा दिसत असला म्हणजे खोकडाचे खाणे कमी होई आणि इकडेतिकडे पाहणे वाढे. कुत्र्याने अंगावर न जाताही त्याच्या नुसत्या असण्याने रानातील जीवाचा घास कमी होतो! गावच्या कुत्र्याकडे ह्या दृष्टीने कोणी पाहिले होते? २००८ साली डॉक्टरेट मिळविल्यावर वनक पुढे बंगळुरास ‘अत्री’ ह्या संशोधनसंस्थेत आले आणि माळरानाच्या अभ्यासात त्यांनी अनेक विद्यार्थी तयार केले.

खोकडाहून दांडगा, आणि मेंढपाळाच्या नित्य चिंतेचा विषय, तो लांडगा. इरावती माजगावकर ह्या तरुण संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील कोरड्या पट्ट्यात लांडगा, तरस आणि बिबट्या कोठे कोठे वावरतात ह्याचा शोध केला. क्षेत्र सुमारे ८९,००० चौरस किलोमीटरांचे. एवढ्या मुलखात पायी हिंडून पावलांचे ठसे शोधावयाचे तर आयुष्य पुरले नसते. तेव्हा त्यांनी वनखात्याच्या त्या त्या भागातील कर्मचाऱ्यांना विचारले. वनरक्षक रोज रानात फिरतो, त्याने काय पाहिले आहे? मात्र ‘अमुक म्हणतो म्हणून खरे’ असे शास्त्रात चालत नाही. एकाच भागातील अनेकांना स्वतंत्रपणे विचारावयाचे, कोणास दिसले व कोणास दिसले नाही हे मांडावयाचे, आणि जनावर असूनही दृष्टीस न पडण्याचा संभव किती हे गणिताने काढावयाचे, अशी ती रीत आहे. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ह्या मुलखात राखीव अभयारण्यांचा वाटा अगदी अल्प. तरीही अर्ध्याहून अधिक प्रदेशात हे प्राणी माणसांच्या, मेंढरांच्या व शेतांच्या सोबतीने नांदत आहेत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कमी शिकलेल्या वनरक्षकाची माहिती आणि उच्च शिक्षण घेतलेल्या मुलीचे गणित, ह्या दोहोंच्या मिलाफाने जे ज्ञान झाले ते एकट्याने कोणासही झाले नसते.

ह्या सर्वांत केमसारख्या गावच्या विद्यार्थ्यास अधिक जवळची वाटेल अशी वाट आहे ती आशिष नेर्लेकर ह्यांची. कारण तिचा आरंभ परदेशात नाही, दूरच्या अरण्यातही नाही. तो आहे कॉलेजच्या आवारात. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असता त्यांना व त्यांच्या सहाध्यायांना एक जुनी यादी उपलब्ध होती. १९५८ साली कोणी तरी ह्या आवारातील वनस्पती नोंदवून ठेवल्या होत्या. ह्या मुलांनी ठरविले की, आपणही तेच आवार पुनः पाहावे. कोणती झाडे टिकली, कोणती गेली, कोणती परकी आली? ह्यास मोठे यंत्र लागत नाही, मोठा निधी लागत नाही. जुन्या माणसाने केलेली प्रामाणिक यादी आणि नव्या माणसाचे कष्ट, एवढ्यावर अर्धशतकातील फेरबदल कागदावर आला आणि २०१६ साली तो निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. आज आपण करून ठेवलेली साधी नोंद पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, हा ह्यातील बोध होय.

पुढे नेर्लेकर अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेले आणि तेथे प्राध्यापक वेल्डमन ह्यांच्याबरोबर त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. जुना गवताळ माळ एकदा नांगरला आणि मग सोडून दिला, तर तो पूर्ववत् होण्यास किती काळ लागतो? सामान्य समज असा की, गवत काय, एका पावसाळ्यात उगवते. त्यांनी सहा खंडांतील ३१ अभ्यास एकत्र करून पाहिले. मोडून पुनः उगवलेल्या माळावर जुन्या माळापेक्षा वनस्पतींच्या जाती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या, आणि पूर्वीची समृद्धी येण्यास निदान एक शतक, बहुधा हजारो वर्षे लागतात, असे अनुमान निघाले. २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. वरून गवत हिरवे दिसते. पण जमिनीखालच्या कंदांचे, मुळांचे, सावकाश वाढणाऱ्या रोपांचे जे भांडार असते ते एकदा उलथले की सहजासहजी भरत नाही. वृद्ध वृक्षाचे वय आपण खोडावरून ओळखतो. वृद्ध माळाचे वय त्याच्या पोटात दडलेले असते, म्हणून आपणास तो तरुण व टाकाऊ वाटतो.

तथापि एक शंका उरतेच. आपला हा माळ खरोखर जुना आहे काय? की पूर्वी येथे घनदाट अरण्य होते आणि माणसाने कुऱ्हाड चालवून त्याचा माळ केला? पुष्कळांचा असाच समज आहे. ह्या शंकेच्या निरसनासाठी नेर्लेकर आणि पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधक दिग्विजय पाटील ह्यांनी जो मार्ग धरिला तो ऐकून मराठी माणसास अभिमान वाटावा. त्यांनी जुने मराठी वाङ्मय उघडले. तेराव्या शतकापासूनची संतचरित्रे, दैवतकथा, लोकगीते ह्यांत रानातील कोणत्या वनस्पतींची नावे येतात ती त्यांनी काढली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात अशा ४४ रानवनस्पतींची नोंद आहे. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश विरळ झाडांच्या गवताळ रानात वाढणाऱ्या, म्हणजे ज्यास शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात तेथील आहेत. बाभूळ, हिवर, तरटी ही काटेरी, उन्हाची हौस असलेली झाडे घनदाट अरण्याच्या सावलीत नांदत नाहीत. ज्या काळी आगगाडी नव्हती, लाकडाचे ठेके नव्हते, त्या काळच्या माणसांच्या तोंडीही ह्याच झाडांची नावे होती. अर्थात् हा माळ म्हणजे मेलेले अरण्य नव्हे. तो निदान सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता.

आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरास विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेच्या समाधिस्थानी तरटीचे झाड असते, हे प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक आहे. शतकानुशतके भाविकांनी त्या झाडास हात जोडले. तरटी ही कोरड्या, उघड्या रानातील वनस्पती आहे, एवढी एक शास्त्रीय माहिती तिच्याजवळ ठेवली की तेच झाड भूमीच्या इतिहासाचा साक्षीदार होते. शास्त्राने श्रद्धेस धक्का दिला नाही. उलट जपून ठेवलेल्या परंपरेतून एक नवे ज्ञान मिळाले. म्हणून मुलाने परिस्थितिविज्ञान शिकावयाचे म्हणजे मराठी विसरावयाचे, असे समजण्याचे कारण नाही.

ह्या संशोधनाने कोणाचे काय अडले होते, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. जमिनीस जे नाव मिळते त्यावर तिचे भवितव्य ठरते. पडीक म्हटले की ती सुधारण्याची इच्छा होते. मग कोणी तेथे झाडे लावतो, कोणी कारखाना काढतो, कोणी नांगर घालतो. २०१९ साली युरोपातील काही शास्त्रज्ञांनी जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर झाडे लावण्यास वाव आहे असा हिशेब मांडला. तेव्हा इतर अनेक शास्त्रज्ञांनी त्यास हरकत घेतली की, ह्या हिशेबात मूळचे गवताळ प्रदेशही धरले गेले आहेत. झाड लावणे हे पुण्यकर्म आहे ह्यात शंका नाही. परंतु बांधावर, गावठाणात, रस्त्याच्या कडेस लावलेले झाड वेगळे आणि जुन्या माळावर खड्डे खणून लावलेले गिरिपुष्प वेगळे. एम. डी. मधुसूदन व अबी वनक ह्यांनी २०२२ च्या सुमारास भारतातील अशा कोरड्या, मोकळ्या नैसर्गिक रानांचा नकाशा तयार केला. तेव्हा ती देशाच्या भूमीच्या सुमारे एक दशांश असून त्यांतील पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे, असे दिसून आले. माळढोक आपल्या डोळ्यांदेखत गेला. लांडगा, खोकड, काळवीट आणि मेंढपाळाचे चराऊ रान ह्यांचे काय व्हावयाचे, हा प्रश्न अद्याप हातचा गेलेला नाही.

आता पालकांच्या मनातील प्रश्न. ‘ह्यात पोट भरेल काय?’ हा प्रश्न गैर नाही आणि त्याचे उत्तर गोड करून सांगणेही योग्य नव्हे. ह्या क्षेत्रात कायम जागा थोड्या आहेत. आरंभीची काही वर्षे ठरावीक मुदतीच्या कामावर, बेताच्या वेतनावर काढावी लागतात. एक काम संपले की दुसरे शोधावे लागते. पदवी, मग उच्च पदवी, मग प्रबंध, असा दहा-बारा वर्षांचा काळ जातो आणि तोवर सोबतीच्या मुलांचे संसार मांडून होतात. मुलीस रानात पाठवावयाचे तर घरच्यांस आणखी काळजी. सलीम अलींची नोकरी गेली तो काळ पालटला असला, तरी वाटेतील अनिश्चितता सर्वस्वी गेलेली नाही. तथापि वाटच नाही असेही नव्हे. वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळविल्यावर पुण्याच्या आबासाहेब गरवारे कॉलेजात जैवविविधतेचा, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राचा उच्च अभ्यास करता येतो. वनखाते, संशोधनसंस्था, विद्यापीठे आणि शाळा-कॉलेजांतील अध्यापन ही पुढची क्षेत्रे आहेत. शिवाय शेतकऱ्याच्या मुलाने हे शास्त्र शिकून शेतीच केली, तरी आपल्या बांधावरील गवत आणि कीड ह्यांकडे पाहण्याची त्याची दृष्टी वाया जात नाही.

ह्यासाठी आजच काय करता येईल? केमच्या, किंवा कोणत्याही माळाकाठच्या गावच्या शाळेने गावाजवळील एक ठरावीक तुकडा निवडावा. तो गायरानाचा असो वा ओढ्याकाठचा असो. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी विद्यार्थ्यांनी तेथे जावे. कोणती गवते फुलली, कोणते पक्षी आले, पाऊस किती झाला, मेंढरे कोठवर चरली, हे तारीखवार वहीत लिहावे. नाव ठाऊक नसेल तर गावच्या वृद्ध धनगरास विचारावे. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते तो चालता चालता ओळखून देईल. त्याने सांगितलेले नाव त्याच्याच शब्दांत लिहावे. शास्त्रीय नाव मागाहून शोधता येते, पण म्हाताऱ्याबरोबर गेलेले नाव पुनः मिळत नाही. ऐकीव गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट वहीत निरनिराळी मांडावी. एखादे वर्ष काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असेही लिहावे. शास्त्रात त्या शब्दांस तितकेच मोल आहे. आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास ठाऊक नसेल, तर ज्यास ठाऊक आहे त्यास पत्र लिहावयास त्यास शिकवावे.

उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहावयास दरवर्षी लांबलांबून लोक येतात. भिगवणच्या होडीवाल्यांस त्यामुळे कामही मिळते. आपला माळ पाहावयास असे कोणी येत नाही. त्याचे सौंदर्य इतके ढोबळ नाही. त्याचा अभ्यास बाहेरून आलेल्या तरुणांनी केला, दुरून शिकून आलेल्यांनी केला, आणि तो उत्तम केला. आता ज्यांचा जन्मच ह्या माळावर झाला, ज्यांना कुसळी पायास टोचल्याशिवाय शाळेत जाता येत नाही, त्यांच्यातूनही कोणी पुढे यावा. नांगर फिरण्यापूर्वी ह्या भूमीची यादी त्याच्या हातची झालेली असावी, एवढीच अपेक्षा.